पानगळीचा पाला ओढ्यात आणि तळ्यात: काढायचा कुठून, ठेवायचा कुठे?

ओढाकाठ (भोर तालुका)

गावाच्या वर डोंगरउतारावर साग, ऐन, हिरडा आहे. खाली ओढ्याच्या काठाने करंज आणि उंबर, रस्त्याकडेला शिरीष. ओढा फेब्रुवारीत आटतो, मधे मधे डबकी राहतात. शिशिरातली सगळी पानगळ त्या कोरड्या पात्रात उतरते आणि वळणांवर गुडघाभर साचते. हाच ओढा गावतळ्याला मिळतो. तळं मे अखेरीस साधारण 20 गुंठ्यांवर येतं, सरासरी खोली 80 सेंटिमीटर. त्यात बचतगटाने रोहू-कटला सोडले आहेत.

वळवाचा पहिला जोराचा पाऊस झाला की तळ्यात आधी कोऱ्या चहासारखं पाणी उतरतं, मग ते काळं पडतं, आणि दोन-तीन दिवसांत मासे तरंगायला लागतात. तळ्याच्या वर रस्त्याखाली 600 मिलिमीटरच्या दोन पाइपांची मोरी आहे. तिच्या तोंडाला कोंबडीजाळी लावली आहे. ती पहिल्याच पावसात तुंबते आणि पाणी रस्त्यावर चढतं.

विचारायचं ते असं: मासे पाल्याने मरतात की कुणाच्या शेतातलं औषध वाहून येतं? पाला पात्रातच पेटवून द्यावा असं गावात बऱ्याच जणांचं म्हणणं आहे, ते बरोबर आहे का? की सगळा ओढाच झाडून काढायचा? आणि मोरीला कसली जाळी लावावी?

तळमासा

आधी मासे. औषधाने मेले की प्राणवायू संपून मेले, हे तळ्याकडे नीट पाहिलं तर बऱ्यापैकी कळतं.

प्राणवायू संपतो तेव्हा मासे पहाटे मरतात. सूर्य उगवायच्या आधी ते पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतात आणि ऊन चढलं की थोडे सावरतात. मोठे मासे आधी जातात, बोटुकली मागे राहते. सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे रोहू-कटला मरतात, पण मरळ, मांगूर, वांब जिवंत राहतात, कारण ते वर येऊन हवा घेऊ शकतात. औषध उतरलं असेल तर वेळेचा असा नेम नसतो. बारके मासे आधी मरतात, मरळही सुटत नाही, आणि पाण्यातले किडे, बेडूकपिल्लं यांचाही खच पडतो. तुम्ही सांगता तो क्रम, चहासारखं पाणी, मग काळं, मग दोन-तीन दिवसांनी मर, हा पाल्याचाच वाटतो. तरी पहाटे जाऊन मरळ पाहा.

आता हिशोब, म्हणजे पाला किती झाला की जड जातो ते लक्षात येईल. 30 अंशाच्या पाण्यात प्राणवायू जास्तीत जास्त लिटरला 7.5 मिलिग्रॅम राहू शकतो. तुमच्या तळ्यात मे अखेरीस 20 गुंठे गुणिले 80 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 1,600 घनमीटर पाणी असतं. त्यात सगळा मिळून प्राणवायू भरतो 12 किलो. सुकलेलं पान पाण्यात पडलं की पहिल्या एक-दोन दिवसांत त्याच्या वजनाचा 10 ते 30 टक्के भाग विरघळून निघतो: साखर, टॅनिन, पालाश, स्फुरद. किलोमागे 150 ग्रॅम धरा. तेवढं कुजवायला जिवाणूंना जवळपास 160 ग्रॅम प्राणवायू लागतो. 12 किलोला 160 ग्रॅमने भागलं की उत्तर येतं 75 किलो पाला. म्हणजे दाबून भरलेल्या दहा-बारा गोणी. तुमच्या एका वळणावर त्याहून जास्त साचत असेल.

हा हिशोब ढोबळ आहे. वाऱ्याने आणि दिवसा शेवाळामुळे प्राणवायू परत येत राहतो, आणि कुजणंही एका दिवसात होत नाही. पण वळवाच्या पावसात एकदम तीन गोष्टी होतात. आभाळ असल्याने शेवाळाचं काम थांबतं, गार पावसाचं पाणी खाली बसून तळाचं प्राणवायू नसलेलं पाणी वर ढकलतं, आणि त्याच वेळी पाल्याचा अर्क आत येतो. 3 मिलिग्रॅमच्या खाली रोहू-कटला तडफडायला लागतात.

मोजायचं असेल तर मत्स्यपालनाच्या दुकानात डीओ (पाण्यात विरघळलेला प्राणवायू) तपासायचा किट मिळतो. नमुना पहाटे पाच-सहाला घ्या, एक वरून फूटभर खोलीचा आणि एक तळाजवळचा. दुपारी मोजलेला आकडा चांगला दिसतो आणि फसवतो.

बांधावरचा

मासे वर यायला लागले की तळ्यात चुना मारून पोटॅशियम परमँगनेट टाकायचं. आमच्याकडे सगळे हेच करतात.

तळमासा

@बांधावरचा, कृपा करून असं करू नका. परमँगनेट पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थावरच खर्च होतं, आणि इथे तर पाणी त्यानेच भरलेलं आहे. माशांना त्यातून श्वास मिळत नाही. कळीचा चुना पीएच एकदम वर नेतो. पीएच चढला की कुजण्यातून आलेला अमोनिया जास्त विषारी होतो, आणि आधीच गुदमरलेले मासे त्याने जातात.

त्या वेळी करायचं ते असं. खाद्य लगेच बंद. ओढ्याचं पाणी आत येणं थांबवा. पंपाने तळ्याचंच पाणी उचलून हवेतून फवारल्यासारखं परत तळ्यात सोडा, पण फुटव्हॉल्व्ह तळाला टेकवू नका, वरच्या दोन फुटांतलं पाणी घ्या. तळाचा गाळ ढवळला तर अर्ध्या तासात खेळ संपतो. पंप रात्री दहापासून उजाडेपर्यंत चालवा, दिवसा थांबवला तरी चालेल. जवळ विहिरीचं पाणी असेल तर तेही असंच उंचावरून पाडून सोडा, कारण विहिरीच्या पाण्यात मुळात प्राणवायू कमी असतो. मेलेले मासे त्याच दिवशी बाहेर काढा, ते कुजताना पुन्हा प्राणवायू खातात.

पाणकिडा

सगळा ओढा झाडून काढायचा का, या प्रश्नाला माझं उत्तर ठाम नाही असं आहे.

डोंगरातल्या सावलीच्या ओढ्यात ऊन कमी पोचतं, त्यामुळे शेवाळ फारसं वाढत नाही. तिथल्या जिवांचं अन्न म्हणजे वरून पडलेलं पान. पान भिजलं की आधी त्यावर पाण्यातली बुरशी वाढते, पान मऊ होतं, आणि मग ते कुरतडणारे येतात: खेकडे, आणि पानाचे तुकडे चिकटवून स्वतःभोवती घर करणाऱ्या अळ्या. पाणी असलेल्या डबक्यातून एक जुनं काळपट पान उचलून पांढऱ्या बशीत ठेवा आणि दोन मिनिटं थांबा. पानाचे दोन अंडाकृती तुकडे, वरचा मोठा, खालचा लहान, एकमेकांवर चिकटलेले, हळूच सरकायला लागतील. आत अळी असते. या किड्यांवर ओढ्यातले बारके मासे जगतात. वरचा ओढा चकाचक केलात तर ही साखळीच तुटेल.

दुसरं, सगळी पानं सारखी नसतात. उंबर, करंज, पांगारा यांची पानं लवकर विरतात. साग, ऐन, निलगिरी चिवट, ती महिनोन्‌महिने टिकतात. एकाच ओढ्यात दोन्ही प्रकार असले की तिथल्या जिवांना लांबवर पुरवठा राहतो. म्हणून फक्त सागाची लागवड असलेल्या ओढ्यापेक्षा मिसळ झाडांचा ओढा केव्हाही बरा.

मग आपल्याकडे त्रास का होतो? थंड देशांत पानं शरदात वाहत्या पाण्यात थोडी थोडी पडतात आणि पडतील तशी भिजत-कुजत जातात. आपल्याकडे पानगळ होते ती ओढा आटत असताना. पान कोरड्या पात्रात दोन-तीन महिने उन्हात तापतं, त्याच्या पेशी फुटतात, आणि अशा वाळलेल्या पानातून अर्क ओल्या पानापेक्षा फार वेगाने निघतो. मग वळीव येतो आणि तीन महिन्यांचा साठा तासाभरात तळ्याच्या तोंडाशी आणून ठेवतो. म्हणजे अडचण पान पडण्याची नाही. ते एका जागी साचण्याची आणि सगळं एकदम भिजण्याची आहे.

त्यामुळे मोरीच्या वरच्या, झाडीतल्या ओढ्याला हात लावू नका. मोरीपासून तळ्यापर्यंतचा पट्टा, रस्त्याची गटारं आणि तळ्याचा काठ, एवढंच साफ करा. पाणी असलेल्या डबक्यांत उतरून पाला उपसू नका. पावसापर्यंत जीव तिथेच तग धरून असतात.

पाण्याचा रंग वाचायला शिका, त्याचा फार उपयोग होतो. चहासारखं पण आरपार दिसणारं पाणी म्हणजे टॅनिन, त्याने लगेच घाबरायचं कारण नाही. काळं आणि कुजक्या अंड्याचा वास म्हणजे प्राणवायू संपला. निळसर काळं, शाईसारखं, पण वास नाही, म्हणजे हिरडा-ऐनाच्या टॅनिनशी पाण्यातलं लोह मिळालं. जुनी शाई याच रसायनावर बनायची. धबधब्याखाली तपकिरी फेस दिसतो तो पाल्याचा असू शकतो, हातात घेतला तर मातकट वास येतो. पांढराशुभ्र, साबणाच्या वासाचा फेस आला तर वर कुठे धुणं किंवा सांडपाणी आहे ते शोधा.

पर्‍याकाठी (रत्नागिरी)

पेटवण्याबद्दल. पाला जाळल्याने नत्र धुरात जातं, पण स्फुरद आणि पालाश राखेत तसेच राहतात, उलट जास्त विरघळणाऱ्या रूपात. ती राख पात्रात पडून राहते आणि पहिल्या सरीत पाण्याचा पीएच चढवत तळ्यात उतरते. पुढे त्या स्फुरदावर हिरवं शेवाळ माजतं. शिवाय काठाच्या करंज-उंबराच्या मुळ्या भाजतात, काठ उघडा पडतो आणि पावसात ढासळतो. जाळून पाला दिसेनासा होतो, तळ्याला होणारा त्रास तसाच राहतो. घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचरा उघड्यावर जाळायला आणि नाल्यात, पाणवठ्यात टाकायला मनाई आहे. हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळल्याबद्दल 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये दंड सांगितलेला आहे.

आमच्याकडे याला पातेरा म्हणतात आणि तो कुणी सहसा फुकट घालवत नाही. कलमांच्या आळ्यात घालायला, गोठ्यात गुरांखाली पसरायला तो लागतो. तुमच्याकडेही आंबा, सीताफळ, भाजीपाला असेलच. आच्छादन म्हणून चार बोटं जाडीचा थर द्या, पण खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर साल कुजते आणि वाळवी धरते.

खत करायचं असेल तर 100 किलो सुक्या पाल्याला 15-20 किलो ताजं शेण पाण्यात कालवून घ्या. सागाची पानं अख्खी टाकू नका. ती फूट-दीड फूट लांब असतात, ओली झाली की एकमेकांवर पत्रावळीसारखी चिकटतात आणि मधे हवा जात नाही. आधी ट्रॅक्टर फिरवून किंवा काठीने झोडपून चुरा करा. ढीग सव्वा मीटर रुंद आणि मीटरभर उंच, लांबी हवी तेवढी. वीतभर पाला, त्यावर शेणकाला, पुन्हा पाला. ओल किती हवी ते मुठीत दाबून पाहा: हात ओला झाला पाहिजे, पण एक-दोन थेंबांपेक्षा जास्त गळता कामा नये. दर 15 दिवसांनी उलथा. करंज-उंबराचं तीन महिन्यांत होतं, सागाला पाच-सहा लागतात. आतून गरम झालाच नाही तर नत्र कमी पडलं आहे, शेण किंवा गोमूत्र वाढवा. आंबूस वास आला तर पाणी जास्त झालं आहे, उलथून सुकं घाला.

एक चूक हमखास होते. ओढ्यातून काढलेला पाला ओढ्याच्याच काठावर ढीग मारून ठेवतात. पावसात त्याचा काळा रस पुन्हा तिथेच उतरतो आणि पूर आला तर ढीगही जातो. निदान 15-20 मीटर लांब, पूररेषेच्या वर न्या.

मोरीमिस्त्री

कोंबडीजाळी आजच काढा. त्या जाळीला सागाची चार पानं चिकटली की ती ताडपत्रीसारखी बंद होते. मोरीच्या तोंडाशी पाला अडवायचाच नाही, तो पाइपातून निघून जाऊ द्यायचा. तिथे अडवायच्या त्या फांद्या, ओंडके, प्लास्टिकच्या गोण्या. म्हणून उभ्या सळयांची जाळी हवी. 16 मिलिमीटर सळई, दोन सळयांमधे 100 मिलिमीटर मोकळी जागा. आडवी सळई वर आणि खाली, बास. मधे आडवी टाकली की कचरा तिथेच अडकतो आणि दाताळं वर ओढता येत नाही.

जाळी पाइपाच्या तोंडाला चिकटवू नका. 600 मिलिमीटर पाइपाचं तोंड 0.28 चौरस मीटर, दोन्हीचं मिळून 0.57. जाळीचं क्षेत्र त्याच्या तिप्पट तरी हवं, म्हणजे 1.7 चौरस मीटर. पाइपापासून मीटरभर वरच्या अंगाला, 2 मीटर रुंद आणि उतारावर 90 सेंटिमीटर लांब अशी जाळी जमिनीशी 45 ते 60 अंशात तिरकी बसवा, माथा मोरीकडे झुकलेला. तिरकी असली की पाणी चढेल तसा कचरा वर सरकतो आणि खालची बाजू मोकळी राहते. जाळीच्या माथ्यावर मोकळी जागा ठेवा म्हणजे जाळी भरली तरी पाणी वरून आत पडेल, रस्त्यावर जाणार नाही. सफाई करणाऱ्याला उभं राहायला काठावर पक्की जागा करा. चालू पाण्यात उतरून जाळी साफ करायला कुणालाही सांगू नका, ओढ पायाला धरून ठेवते.

पाला पकडायची खरी जागा तळ्याच्या तोंडाशी. तिथे 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद, 1 मीटर खोल गाळखड्डा काढा. त्याच्या तळ्याकडच्या बाजूला दुसरी जाळी, सळयांमधे 40 मिलिमीटर. आणि त्याच्या वरच्या अंगाला शेताकडे जाणारा एक चर. पहिल्या वळवाला तळ्याचं तोंड माती भरलेल्या सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांनी दोन थर लावून बंद ठेवायचं आणि पाणी चरातून शेतात पसरू द्यायचं. शेतमालकाशी आधी बोलून ठेवा. त्या काळ्या पाण्यात पालाश असतो, नांगरून ठेवलेल्या रानाला ते चांगलंच. काचेच्या बाटलीत पाणी भरून मागे छापील कागद धरा. अक्षर वाचता यायला लागलं की गोण्या काढा.

पाणकिडा

मिस्त्रींच्या चराला माझी पसंती, फक्त तो चर फिरवून खालच्या ओढ्याला जोडू नका. तसं केलं तर आपला त्रास खालच्या गावाच्या डोहात जातो.

वेळेचंही बोलायला हवं. गावोगाव नालेसफाई मेच्या शेवटच्या आठवड्यात होते, मोसमी पाऊस डोळ्यासमोर ठेवून. पण वळीव एप्रिलपासून कधीही येतो आणि नुकसान तोच करतो. म्हणून पहिली सफाई मार्चअखेर, साग आणि शिरीष गळून झाल्यावर. दुसरी हलकी फेरी मेच्या मध्यावर, मागून गळणाऱ्या झाडांसाठी आणि वाऱ्याने आलेल्या पाल्यासाठी. माणसं कमी असतील तर मार्चची फेरी सोडू नका, मेची सोडली तरी चालेल.

आणि रस्त्याकडेच्या शिरीषाचा पाला ओढ्यातल्या पाल्याइतकाच महत्त्वाचा. डांबरावर गाड्यांखाली त्याचा चुरा होतो, आणि चुऱ्यातून स्फुरद लवकर सुटतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात तिथल्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने हे मोजलं, 2016 मध्ये ते प्रसिद्ध झालं. हिवाळा सोडून वर्षभरात पावसाच्या पाण्यातून जाणाऱ्या एकूण स्फुरदापैकी 56 टक्के एकट्या पानगळीच्या मोसमात जात होतं. पावसाआधी रस्त्यावरची पानं उचलली तिथे हा वाटा 16 टक्क्यांवर आला. तिथलं हवामान वेगळं, त्यामुळे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावू नका. पण पाऊस पडायच्या आत रस्ता झाडला तर फरक पडतो, हे इथेही खरं आहे.

ओढाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मोरीची जाळी आणि गाळखड्डा ग्रामसभेत मांडतो. एक राहिलं: तळ्याच्या काठाला पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. वळवानंतर तिचंही पाणी पिवळसर होतं आणि टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकूनही ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरिन उरला आहे का ते पाहायची चाचणी) रंग येत नाही. पावडर खराब आहे का?

जलसुरक्षक_मावळ

पावडर जुनी असू शकते, पण आधी पाल्याचा विचार करा. क्लोरिन जंतूंवर जायच्या आधी पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थावर खर्च होतो. 33 टक्क्यांची पावडर 1,000 लिटरला 5 ग्रॅम टाकली तर लिटरला सुमारे 1.6 मिलिग्रॅम क्लोरिन मिळतो. स्वच्छ पाण्याला तो पुरून उरतो, पाल्याच्या पाण्यात अर्ध्या तासात संपतो. ओटीला रंग येत नाही म्हणजे पाणी निर्जंतुक झालेलं नाही, तसंच नळाला सोडू नका.

विहिरीचं पाणी बादलीत घ्या. चार बादल्यांत 10-10 लिटर भरा. 1,000 लिटरला 5, 7.5, 10 आणि 12.5 ग्रॅम या प्रमाणात टीसीएलचं निवळ पाणी घाला, ढवळून अर्धा तास झाका आणि प्रत्येकीची ओटी टेस्ट करा. ज्या सगळ्यात कमी मात्रेला 0.2 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त अवशिष्ट क्लोरिन दिसेल ती मात्रा विहिरीला. चारही बादल्यांना रंग आला नाही तर ताज्या, सीलबंद पावडरने हीच चाचणी पुन्हा करा. मग जुनी पावडर खराब की पाणीच जड, ते कळेल.

मात्रा नुसती वाढवत नेणं मात्र बरं नाही. पाल्याच्या अर्काशी क्लोरिन मिळून नको ती संयुगं तयार होतात आणि पाण्याला वासही येतो. मुळात विहिरीत पाला जाता कामा नये. कठडा जमिनीपासून निदान पाऊण मीटर उंच, वर बारीक जाळीचं झाकण, आणि भोवती बाहेरच्या बाजूला उतार दिलेला दीड मीटर रुंद सिमेंटचा ओटा. काठ चिरलेला असेल तर तळ्याचं पाणी तिथूनच आत झिरपतं. एप्रिलमध्ये विहीर खाली गेलेली असते तेव्हा आत दोर सोडून कॅमेऱ्याने पाहा. बांधकामात काळपट ओल दिसली की ती जागा सिमेंट-वाळूच्या 1:3 मालाने भरून घ्या.